भूगोल मंडळाचं सभासदत्व : दोन वर्षांचा अनुभव

आमच्या लातूरच्या कॉलेजात भूगोल मंडळ आहे, पण तिथं मागेल त्याला प्रवेश नसतो. सगळ्या विषयांत मिळून ६० टक्के पाहिजेत आणि शिवारफेरीचा अहवाल सरांना पटला पाहिजे. वर्गणी १०० रुपये. बिल्ला आणि प्रमाणपत्र मिळतं.

खरी कमाई टोपोशीटची, म्हणजे ओढे-नाले, रस्ते, चढउतार दाखवणाऱ्या सरकारी नकाशाची. या नकाशांना नंबर असतात, लातूर ५६ बी मध्ये येतं. पहिल्याच रविवारी सरांनी १:५०,००० चा नकाशा टेबलावर पसरला आणि मांजरा नदीची लांबी मोजायला लावली. शिवायचा दोरा घ्यायचा. लोकर नको, ती ताणली की लांबते. वळणावळणावर नखानं दाबत दोरा बसवायचा, मग सरळ करून पट्टीला लावायचा, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. चौघींचे चार आकडे आले आणि तासभर वाद! २०१६ ला मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी पाचवीत होते आणि घागर घेऊन रांगेत उभी राहायचे. तीच नदी नखाखालून जाताना मला भरून आलं होतं.

औशाकडच्या शिवारफेरीला वर्गातला एक मुलगा आला होता. नकाशात बारमाही पाण्याची रेघ निळी असते, कोरड्या ओढ्याची काळी. आमच्या पुढ्यातला ओढा काळा दाखवलेला. हा म्हणाला, "सर, दिवाळीपर्यंत पाणी असतंय इथं. आम्ही म्हशी इथंच धुतो." मग काठावर उतरून त्यानं थर दाखवले : वर हातभर काळी, खाली मुरूम, त्याखाली कातळ. सरांनी वहीत लिहून घेतलं. मीही.

तो मंडळात नाही. इंग्रजीत मार्क कमी पडले म्हणून ६० टक्के भरले नाहीत. हे मला मुळीच पटत नाही. अमेरिकेत भूगोलाच्या विद्यार्थ्यांची गॅमा थीटा अपसायलॉन ही १९२८ पासूनची मानाची संस्था आहे. मार्कांची अट तिथंही कडक आहे, पण भूगोलातली सरासरी वेगळी बघतात. आपल्याकडंही निदान तेवढं करा, असा अर्ज आम्ही सात जणांनी दिलाय.

तरीही, भूगोल घेतलेल्यांनी इथं यावंच. फॉर्म जुलैत निघतात. त्यात आपल्या गावाचा टोपोशीट नंबर लिहावा लागतो, तो आधीच शोधून ठेवा.