जुन्या एक्स-फाइव्हचे स्पीकर बदलताना हातावर तुरी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने २०१० ची बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, म्हणजे ई-सेव्हन्टी पिढीतली डिझेल गाडी, दिल्लीहून आणली. अशा गाड्या नाशिकच्या सेकंडहँड बाजारात बऱ्याच दिसतात, आणि त्याला कारण आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालवू न देण्याचा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, तेव्हापासून दिल्लीकडच्या गाड्या पडेल भावात इकडे येतात, एमएच-१५ नंबर घेतात आणि गंगापूर रोडवर फिरू लागतात. घेताना इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं बघितलं जातं. म्युझिक सिस्टिम कोणी बघत नाही. गाणं वाजलं म्हणजे झालं.

या गाडीची तक्रार साधी होती: डावीकडून बास येत नाही आणि आवाज वाढवला की फरफर होते. शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात पाच मिनिटांत निदान झालं. "साहेब, कंपनीचे स्पीकर दहा वर्षांत संपतातच. पूर्ण सेट टाकू, डिक्कीत सबवूफर देऊ, गाडी नाचेल." बहात्तर हजार रुपये गेले आणि बिलावर एकच ओळ आली, 'कार ऑडिओ वर्क'. पुढे पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं होऊ लागलं, सकाळी स्क्रीनवर बॅटरी डिस्चार्जचा इशारा येऊ लागला, आणि बास होता त्याहून कमी झाला. शेवटी गाडी दुसऱ्या ठिकाणी पूर्ण उघडली. आत काय निघालं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण मर्सिडीज एमएल, ऑडी क्यू-सेव्हन, व्होल्वो एक्ससी-नाइन्टी, रेंज रोव्हर यातल्या कुठल्याही जुन्या गाडीत हेच चालतं.

निदानापासूनच लबाडी होती. एका बाजूचा बास गेला म्हणून गाडीतले सगळे स्पीकर एकदम मेले असं होत नाही. तपासायला फार काही लागत नाही. पखवाज किंवा ढोलकी ठळक असलेलं ओळखीचं गाणं मध्यम आवाजात लावायचं, बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग, पुढे-मागे. कुठला कोपरा गप्प आहे ते दोन मिनिटांत कळतं. मग त्या स्पीकरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढून मल्टीमीटर लावायचा आणि ओहम, म्हणजे विजेचा रोध, मोजायचा. आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवायचा आणि तो वजा करायचा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, दोन ओहमचा १.६ ते १.९. आकडाच आला नाही तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तुटली. आकडा बरोबर असेल तर कोन, म्हणजे स्पीकरचा समोरचा शंकू, चार बोटांनी सारखा दाबून बघायचा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. काहीच लागलं नाही आणि कडेची फोमची किंवा रबराची रिंग फाटलेली दिसली, तर स्पीकर मेलेला नाही, फक्त रिंग गेलेली आहे. आणि स्पीकर धडधाकट असूनही गप्प असेल, तर तोच दुसऱ्या बाजूच्या कपलरला लावून बघायचा. तिथे वाजला तर दोष वायरचा किंवा अॅम्पचा, म्हणजे अॅम्प्लिफायरचा. ट्वीटरला, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला, मात्र हा मीटर फसवतो. त्याच्या वायरीत कपॅसिटर असेल तर चांगला ट्वीटरही 'तुटलेला' दिसतो, आणि हाच आकडा गिऱ्हाइकाला दाखवून नवा ट्वीटर गळ्यात मारतात.

या गाडीत डाव्या सीटखालच्या वूफरची, म्हणजे बासच्या स्पीकरची, रिंग फाटली होती. बाकी सगळं शाबूत होतं.

आता ही गाडी कशी बनलीय ते बघा. ई-सेव्हन्टीमध्ये बास दारातून येत नाही. पुढच्या दोन्ही सीटखाली साधारण आठ इंची वूफर असतात, दारात चार इंची मिड आणि आरशामागच्या त्रिकोणात ट्वीटर. वरच्या दर्जाच्या सिस्टिममध्ये अॅम्प डिक्कीत डाव्या बाजूच्या पॅनेलमागे असतो आणि त्याला गाण्याचा सिग्नल तांब्याच्या वायरीतून नाही, मोस्ट नावाच्या फायबर ऑप्टिक रिंगमधून मिळतो. अॅम्प प्रत्येक चॅनेलला त्याच्या वाट्याचाच आवाज देतो: वूफरला खालचा, दारातल्या मिड-ट्वीटरना बास कापून मधला आणि वरचा. म्हणून अशा गाडीत 'स्पीकर बदलला' याला एकट्याने काही अर्थ नसतो. कुठल्या चॅनेलवर, किती ओहमचा, कुठल्या कामाचा, हे तीन प्रश्न त्याला चिकटून येतात.

दुकानाने दारातल्या मिडच्या जागी चार इंची कोॲक्सियल बसवले, म्हणजे ज्यांच्या मधोमध छोटा ट्वीटर असतो ते. पण वरच्या आवाजासाठी गाडीत वेगळे ट्वीटर आधीच असतात, त्यामुळे हा ट्वीटर नुसता शोभेचा. वर आरशाजवळचे मूळ ट्वीटर तसेच ठेवले होते, आणि 'नवीन ट्वीटर'चे पैसे घेतले होते. गाडी हातात देताना ट्रेबल पूर्ण वर केलेला. पहिल्या दिवशी तो झणझणाट 'क्लिअर' वाटतो, पुढे डोकं दुखतं.

ओहमचा घोळ सगळ्यात जास्त या प्रकारात होतो. बोस आणि तत्सम कंपन्यांच्या काही मूळ स्पीकरांचा रोध दोन ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. त्या जागी बाजारातला चार ओहमचा लावला की तेवढ्याच व्होल्टेजवर पॉवर निम्मी, म्हणजे आवाज तीन डेसिबलने खाली. मग दुकानदार म्हणतो, "कंपनीचा अॅम्प वीक आहे, बाहेरचा टाका." उलट झालं, म्हणजे चार ओहमच्या चॅनेलवर दोन ओहमचा लावला, तर अॅम्प तापतो, मधेच बंद पडतो, आणि एक दिवस उठतच नाही.

सीटखालचे वूफर? त्यांना हातच लागला नव्हता. तिथे पोचायला सीट सोडावी लागते आणि सीटखाली एअरबॅगचे पिवळे कपलर असतात. इग्निशन चालू असताना ते काढले तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. ज्याला हे जमत नाही तो सीटच्या वाटेला जात नाही. बोल्टच्या खाचांमध्ये जुनी धूळ दडपून बसलेली, वूफरच्या जाळीवर शेंगदाण्याची टरफलं, आणि खाली तोच फाटका वूफर. गाडी ज्या कारणासाठी दुकानात गेली, तो एकमेव बिघाड जसाच्या तसा होता.

तो झाकायला डिक्कीत सबवूफरचा डबा आला. त्याचा सिग्नल घेतला मागच्या दाराच्या स्पीकर वायरीवरून, साध्या कन्व्हर्टरने. पण मागच्या दारातही मिडच आहे, तिथला बास अॅम्पने आधीच कापलेला. म्हणजे सबवूफरला जे हवं तेच त्या वायरीत नाही. मग गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची कळ, शेवटपर्यंत पिळलेला, आणि बाहेर येतं ते नुसतं धप् धप् आणि खरखर. सीटखालच्या वूफरच्या चॅनेलवरून सिग्नल घेतला असता तर निदान खरा बास मिळाला असता. नीट करायचं तर डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप, असलेला, मूळ चॅनेल एकत्र जोडून घेणारा अॅम्प लागतो, किंवा मोस्टवरून थेट सिग्नल काढणारा इंटरफेस. दोन्ही महाग आहेत, पण निदान काम करतात.

आता वायर. बिल तोंडी समजावताना 'बोनेटपासून डिक्कीपर्यंत सहा मीटर चार गेज केबल' सांगितली होती. ई-सेव्हन्टीची बॅटरी डिक्कीत फ्लोअरखाली असते! दीड-दोन मीटरमध्ये काम होतं, आणि तेवढीच लावलेली होती. तीही तांब्याची नाही, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ओळखायचं सोपं आहे: एक तार घेऊन ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली की ॲल्युमिनियम. खऱ्या चार गेजमध्ये साधारण २१ चौरस मिलिमीटर तांबं हवं. इथे जाड रबराच्या आत बारीक जुडी होती. ५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे तेवढी पॉवर सतत देऊ शकणारा, क्लास-डी अॅम्प भर आवाजात ४५ अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. अशा वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. इथे फ्यूज अॅम्पच्या टोकाला होता, म्हणजे मधे वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर ती जळेपर्यंत थांबवणारं कोणी नाही. अर्थिंग बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर थेट दिलेलं. तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घातला की गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो. अर्थिंग बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्यावर द्यायचं. अॅम्पला चालू-बंद करणारी रिमोट वायर कायम चालू असलेल्या बारा व्होल्टला जोडली होती. रात्रभर अॅम्प जागा, सकाळी बॅटरी झोपलेली.

आणि कार्पेट. दाराच्या ट्रिममागे, म्हणजे आतल्या पॅनेलमागे, पाणी अडवणारा पडदा असतो, काळ्या चिकट ब्युटिलच्या दोरीवर बसवलेला. काचेवरून आत उतरणारं पाणी तो दारातच ठेवतो आणि खालच्या भोकांतून बाहेर सोडतो. फिटरने तो घाईत ओढून काढला, ब्युटिल ताणलं गेलं, आणि परत लावताना खाली दोन बोटं फट राहिली. इगतपुरी-घोटीचा पाऊस म्हणजे अशा फटीची परीक्षाच. पाणी कार्पेटखालच्या जाड फोममध्ये जाऊन बसतं, वरून नुसता दमटपणा जाणवतो, आणि वास येईपर्यंत तिथले कपलर गंजायला लागलेले असतात. आठ-दहा मिलिमीटरची नवी ब्युटिल दोरी लावून, पडदा रोलरने दाबून, वरून पाण्याचा पाइप दहा मिनिटं मारून बघायचं, मगच ट्रिम चढवायचं. दारात नवं भोक कापू द्यायचं नाही. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर दाराच्या पोकळीत असतो, आणि ती पोकळी बंद असेल असं धरूनच त्याचा हिशोब असतो. पत्र्याचा कंप कमी करणारी डॅम्पिंग शीट लावायचीच तर ब्युटिलची; डांबराची स्वस्त शीट एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडून घसरते. स्पीकर बसवायची अॅडॉप्टर रिंग एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या पाट्याची, नको, ती पाण्याने फुगते.

फायबरला कोणी हात लावला असेल तर तेही बघा. या केबलला २५ मिलिमीटरपेक्षा लहान वळण चालत नाही. चिमटलेली किंवा टेपने गुंडाळलेली असेल तर मोस्टची रिंग तुटते आणि रेडिओ, फोन, नेव्हिगेशन सगळं एकदम गप्प होतं. लगेच 'हेड युनिट (म्युझिक सिस्टिमचा मुख्य सेट) गेलं' असं निदान येतं, म्हणजे आणखी एक लाखाची गोष्ट.

नवे स्पीकर नावाजलेल्या ब्रँडचे म्हणून दिले होते, ते नकली निघाले. मागची रबरी टोपी मोठी, आत चुंबक तिच्या निम्म्याने. खोक्यावर '३५० वॉट' ठळक, आरएमएसचा आकडा कुठेच नाही. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलाच पाहिजे. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत तसं आहे. यातलं एक जरी नसलं तरी खोकं उघडायच्या आधीच परत द्यायचं.

मूळ स्पीकर परत मागितले तेव्हा "भंगारात गेले" असं उत्तर मिळालं. ते भंगारात जात नाहीत. अशा गाड्यांचे चालू मूळ स्पीकर जुन्या पार्टच्या बाजारात चांगल्या किमतीला जातात. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक स्पीकरच्या मागचं स्टिकर, पार्ट नंबरसह, मोबाइलवर टिपून ठेवावं आणि जुना माल पिशवीत भरून सोबत न्यावा. 'एक्स्चेंज'मध्ये दोन हजार कमी करतो म्हणाला तर समजा, त्याला किंमत माहीत आहे.

खरं काम किती होतं? डावीकडची सीट काढायची: इग्निशन बंद, बॅटरी सोडून काही मिनिटं थांबायचं, मग कपलर. वूफर बाहेर काढून डीजे आणि बँडचे स्पीकर रिकोन करणाऱ्या कारागिराकडे द्यायचा. तो जुनी रिंग आणि गोंद खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कड पुसून, मापाची नवी रिंग चिकटवतो. कॉइल मधोमध बसावी म्हणून साधारण ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवत ठेवतो आणि चोवीस तास वाळू देतो. उजव्या वूफरची रिंगही तितकीच जुनी, म्हणून तीही सोबत करून घ्यायची, नाहीतर दोन्ही बाजूंचा बास सारखा येत नाही. रिंग न मिळाल्यास त्याच मापाचे, त्याच ओहमचे जोडवूफर. दारांना, डिक्कीला, अॅम्पला हात लावायची गरजच नव्हती.

दुकानात शिरताना कोटेशन लेखी मागा: प्रत्येक स्पीकरची जागा, ब्रँड, मॉडेल, ओहम, आरएमएस, वायरीचं गेज आणि लांबी, मजुरी वेगळी. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटी पोर्टलवर तपासता येतो. ट्रिम चढायच्या आधी बोलवायचं, असं आधीच ठरवा. "गिऱ्हाइकाला आत सोडत नाही" म्हणणाऱ्याकडून गाडी बाहेर काढा.

पैसे गेलेच असतील तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कित्येकदा तेवढ्याने दुकानदार नरमतो. नाही नरमला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. सोबत बिल, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, आणि दुसऱ्या गॅरेजने लेटरहेडवर लिहून दिलेला अहवाल, त्यात ओहमचे आकडे आणि उघडलेल्या दारांचे फोटो. चुकीचं काम आयोगापुढे दाखवायचंय, म्हणून अहवाल हातात येईपर्यंत काहीही दुरुस्त करू नका, फक्त अॅम्पची पॉवर वायर बॅटरीपासून सोडवून ठेवा.