वेंगेन की आल्पबाख? नातवंडं आणि आजी-आजोबांसह स्कीची पहिली सुट्टी

हिवाळा लागला की आमच्या म्युनिकच्या मराठी मंडळींत एक विचारणा ठरलेली. मुलं लहान आहेत, भारतातून आई-बाबा यायचे आहेत, स्की कुणालाच धड येत नाही, तर जावं कुठं? गजबजलेल्या मोठ्या ठिकाणांची नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात. शांत गाव हवं असेल तर मी दोनच नावं सांगते, स्वित्झर्लंडमधलं वेंगेन आणि ऑस्ट्रियाच्या टिरोलमधलं आल्पबाख. दोन हिवाळे, दोन गावं आणि दोन्ही वेळा साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा सोबत. आल्पबाखला गेलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता आणि मुलगी नऊ.

जाहिरातीत उतारांची लांबी ठळक छापलेली असते. तिच्यावरून काही ठरवू नका. वेंगेनहून क्लाइने शाइडेग, मेनलिखेन आणि पलीकडच्या ग्रिंडेलवाल्डपर्यंतचे उतार मिळून शंभर किलोमीटरच्या घरात जातात. आल्पबाखचे उतार 2012 मध्ये शेजारच्या विल्डशोनाउला जोडले गेले, तेव्हापासून तिथलाही आकडा शंभराच्या वर आहे. पहिल्या आठवड्यात नवशिक्याला त्यातले दोन-तीन किलोमीटर पुरून उरतात. मी वेगळाच प्रश्न विचारते. सकाळी अकरा वाजता घरातलं प्रत्येक माणूस कुठं असेल, आणि त्यातलं कुणी रडायला लागलं किंवा थकलं तर तिथं पोचायला किती वेळ लागेल?

पोचायचं कसं

वेंगेन समजायला मराठी माणसाला एक शब्द पुरे: माथेरान. गावात गाड्यांना बंदी आहे. खाली दरीत लाउटरब्रुनेन आहे, तो आपला दस्तुरी नाका. गाडी तिथल्या पार्किंगमध्ये ठेवायची आणि दातेरी रुळावरच्या रेल्वेत बसायचं. ही रेल्वे 1893 पासून चालू आहे. पाऊण-एक किलोमीटर उंचीवरून ती पंधरा मिनिटांत तुम्हाला 1274 मीटरवर आणून सोडते. झुरिकच्या विमानतळावरून सगळा प्रवास रेल्वेनेच होतो, साधारण तीन तासांत. इंटरलाकेन ओस्ट आणि लाउटरब्रुनेन इथं तरी गाडी बदलावीच लागते. बॅगा मोजक्याच ठेवा, कारण प्रत्येक बदलाला त्या तुम्हीच उचलणार. वेंगेन स्टेशनवर मात्र बऱ्याच हॉटेलांच्या विजेवरच्या छोट्या गाड्या सामान न्यायला येतात. खोली घेताना स्टेशनपासूनचा रस्ता चढाचा आहे का, हे आवर्जून विचारा. नकाशावरचे तीनशे मीटर बर्फावर आणि चढावर फार लांब होतात.

आल्पबाखला गाडी थेट दारापर्यंत जाते. रेल्वेने यायचं तर म्युनिकहून येनबाख किंवा व्योर्गल, तिथून छोट्या गाडीने ब्रिक्सलेग आणि मग वर जाणारी बस. कारने आम्हाला दोन तास लागतात, पण शनिवारी नाही. फेब्रुवारीतल्या शनिवारी इन नदीच्या खोऱ्यातला महामार्ग तुंबलेला असतो. ऑस्ट्रियात महामार्गाचं विन्येट (टोलचं स्टिकर) लागतं आणि बर्फाचे टायर हवेतच.

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाचंही आधी ठरवावं. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे व्हिसा एकच लागतो. पण अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा असतो.

जी माणसं स्की करणार नाहीत

कुटुंबाची सुट्टी इथंच जमते नाहीतर फसते, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

वेंगेनची रेल्वे गावापाशी संपत नाही, ती पुढं क्लाइने शाइडेगपर्यंत चढते, 2061 मीटरवर. तिच्यात स्की घेतलेली माणसं आणि शाल पांघरलेल्या आज्या शेजारी-शेजारी बसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून सोयीचा पहाड मी पाहिलेला नाही. वर उतरलं की समोरच आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तीन शिखरं. आयगरची उत्तर भिंत 1800 मीटर उंच आहे, 1938 मध्ये ती पहिल्यांदा सर झाली. बाबा दुर्बिणीतून ती भिंत बघत बसायचे. आई उन्हातल्या बाकावर थर्मासमधला चहा घेऊन. आमची मुलगी तिच्या गटाबरोबर निळ्या उतारावरून खाली आली की आईला ती लांबूनच ओळखू यायची, पिवळ्या टोपीमुळे. युरोपात निळा उतार सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. तीन दिवसांत हे आईला माझ्याइतकंच पाठ झालं होतं.

गावातून मेनलिखेनलाही केबल कार जाते, काही मिनिटांत 2200 मीटरच्या वर. तिथून क्लाइने शाइडेगपर्यंत हिवाळ्यातली चालायची वाट आहे. घसरगाडीसाठी वेंगेनआल्पवरून गावात उतरणारी वेगळी वाट आहे. क्लाइने शाइडेगहून रेल्वे आणखी वर युंगफ्राउयोख या खिंडीपर्यंत जाते. तिथलं स्टेशन 3454 मीटरवर आहे आणि तिकीट महाग. सकाळी वेबकॅमवर आकाश स्वच्छ दिसलं तरच ते काढा. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

आल्पबाखची गोष्ट निराळी. डोंगर तिथं मऊ आहेत, छाती दडपवणारे नाहीत. आणि गाव विलक्षण देखणं. घरं लाकडी बाल्कन्यांची, एका वळणाची, कारण बांधकामाचे नियमच तसे आहेत. 1983 मध्ये ते ऑस्ट्रियातलं सर्वांत सुंदर गाव ठरलं होतं. चर्चच्या अंगणात भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांची कबर आहे. 1961 मध्ये ते व्हिएन्नात वारले आणि त्यांना या गावात आणून पुरलं. बाबांनी तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. लोखंडी क्रॉसवर श्रोडिंगर यांचं प्रसिद्ध समीकरण कोरलेलं पाहून त्यांनी हातमोजा काढला आणि अक्षरांवर साठलेला बर्फ बोटाने पुसला. मग नातीला समजावत बसले, की या माणसाने उपनिषदंही वाचली होती. वीस मिनिटं आम्ही तिथंच उभे होतो, पाय गारठले तरी.

खाली खोऱ्यात राटेनबेर्ग आहे, ऑस्ट्रियातलं सर्वांत छोटं शहर, काचकामासाठी प्रसिद्ध. डोंगर आड येत असल्याने हिवाळ्यात तिथं महिनोन् महिने ऊन पोचत नाही. वाटेन्सचं स्वारोव्स्की संग्रहालय आणि इन्सब्रुक शहर एका दिवसात जाऊन येण्यासारखं. पण यातलं बरंचसं गावाबाहेर आहे. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "गाव छान आहे गं, पण आता करायचं काय?" स्की न करणारी माणसं एकापेक्षा जास्त असतील तर वेंगेनचं पारडं इथं सरळ जड होतं.

मुलांची स्कीशाळा

इथं मात्र मी आल्पबाखच्या बाजूची आहे. गावाला लागूनच नवशिक्यांसाठी छोटी लिफ्ट आहे. उतार इतका हलका की मूल पडलं तरी घसरत लांब जात नाही. दुसऱ्या दिवशी मुलाने "मी जाणार नाही" म्हणून भोकाड पसरलं. मी कुंपणाला टेकून उभी राहिले, त्याला दिसेल अशी. पाऊण तासाने तो दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून थांबायला शिकला. लहान मुलांना हे शिकवताना "पिझ्झा" म्हणतात. मग त्याने मला हाताने जायला सांगितलं. आई-बाप हाकेच्या अंतरावर असणं पाच वर्षांच्या मुलासाठी फार मोठी गोष्ट असते.

त्यानंतर आल्पबाखची अडचण सुरू होते. सरावाची लिफ्ट संपवून खऱ्या उतारांवर जायचं तर गोंडोलाचं (बंद डब्यांच्या केबल कारचं) स्टेशन गावाबाहेर आहे, तिथवर स्कीबस. मुलाचे स्की, तुमचे स्की, पायात जड बूट आणि बसच्या पायऱ्या. सलग सहा सकाळी हे करताना जीव मेटाकुटीला येतो. म्हणून मुलं आधीच थोडं शिकलेली असतील तर मुख्य गावाऐवजी वरच्या अंगाला इनरआल्पबाखमध्ये राहा. गोंडोला तिथं जवळ आहे. संध्याकाळी गावात फिरणं मात्र मुकेल.

वेंगेनमध्येही नवशिक्यांची जागा गावाच्या मधोमध आहे. पहिले काही तास छान जातात. नंतर गट रेल्वेने वर जातो आणि मग मूल थेट जेवणाच्या वेळी किंवा दुपारीच भेटतं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना यात मजा वाटते, कारण आगगाडीने स्की करायला जायचं असतं. त्याहून लहान मुलाला ते लांब वाटू शकतं. भाषेची काळजी दोन्हीकडे नको. वेंगेनला ब्रिटिश लोक शंभर वर्षांहून जास्त काळ येताहेत, आल्पबाखलाही त्यांची ये-जा भरपूर आहे. शिक्षक इंग्रजी सहज बोलतात.

बुटांबद्दल एक कळकळीची सूचना. थंडी वाजेल म्हणून मुलांना दोन-दोन मोजे घालू नका. आम्ही घातले होते. दुकानातल्या मुलाने बूट तसाच बसवून दिला आणि दुपारपर्यंत मुलीच्या नडगीवर लालभडक वळ उठला. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा, आणि बुटाच्या आत दुसरं काहीही नको, थर्मलची दुमडही नको.

बर्फ आणि तारखा

वेंगेनचे उतार 2300 मीटरपर्यंत चढतात. आल्पबाखचं गाव हजार मीटरच्या आसपास आणि माथा दोन हजारांच्या थोडा वर. कृत्रिम बर्फ दोन्हीकडे पाडतात, तरीही मार्चच्या उत्तरार्धात आल्पबाखला खालच्या भागात गवत दिसायला लागतं. मार्चमध्येच जायचं असेल तर वेंगेन. जानेवारीत आल्पबाख.

नाताळ-नववर्ष आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या दोन्हीकडे टाळा. वेंगेनची आणखी एक तारीख बघावी लागते. जानेवारीच्या मध्यावर तिथं लाउबरहॉर्नची स्कीशर्यत असते, 1930 पासून. तिचा उतार सुमारे साडेचार किलोमीटर, स्कीच्या विश्वचषकातला सर्वांत लांब. शर्यत बघायची असेल तर जरूर जा, पण त्या आठवड्यात शांत गाव ही अपेक्षा सोडा. हजारो माणसं त्याच छोट्या रेल्वेने येतात.

खर्च आणि जेवण

स्वित्झर्लंड महाग, हे सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. डोंगरावरच्या उपाहारगृहात एका थाळीला वेंगेनकडे 25 ते 30 फ्रँक पडतात, आल्पबाखला 15 ते 20 युरो. प्रौढांचा एका दिवसाचा पास तिकडे साधारण 80 फ्रँकच्या आसपास, इकडे 60 ते 70 युरो. सहा माणसांच्या आठवड्यात हा फरक एका विमान तिकिटाएवढा होतो. नवशिक्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पास घेऊच नये. कुठला पास लागेल ते स्कीशाळेलाच विचारा, सरावाच्या लिफ्टसाठी बहुधा कमी पैशांत भागतं.

स्वस्तात राहायचं म्हणून लाउटरब्रुनेनमध्ये उतरायचा मोह होतो. दरी सुंदर आहे, पण खोल आणि अरुंद. हिवाळ्यात ऊन थोडाच वेळ पोचतं, आणि आजी-आजोबांना दिवसभर सावलीत बसवायला माझं मन घेत नाही. त्यापेक्षा दोन रात्री कमी करा आणि वर राहा.

आल्पबाखला शेतकऱ्याच्या घरातले, स्वयंपाकघरासकट मिळणारे फ्लॅट चांगले असतात. खाली गोठा, वर आपण. कुकर आणि मेतकूट घेऊन गेलो होतो. चार वाजता ओले मोजे हीटरवर वाळत टाकायचे आणि गरम मऊ भात. मुलं बोलायच्या आत ताट साफ करत होती. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी येता-येताच सामान भरा.

बाहेर जेवताना शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पातळ सूप बहुतेक वेळा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं, वर काहीही तरंगत असो. बटाट्याच्या र्‍योश्तीत आणि टिरोलच्या क्न्योडलमध्ये (ब्रेडचे उकडलेले गोळे) बरेचदा बेकन घालतात. "ओने श्पेक, ओने फ्लाइश" असं म्हणा, म्हणजे बेकनशिवाय, मांसाशिवाय. काइझरश्मार्न (तुकडे केलेला जाड पॅनकेक) गोड असतो, पण त्यात अंडं असतं. आई अंडं खात नाही, त्यामुळे तिची भिस्त चीज, ब्रेड आणि आमच्या कुकरवर.

विमा काढताना "हिवाळी खेळ" हे शब्द पॉलिसीत शोधा. व्हिसासाठी घेतलेल्या साध्या प्रवासविम्यात ते अनेकदा वगळलेले असतात. उतारावरून खाली आणायला हेलिकॉप्टर लागलं तर बिल हजारो युरोंत येतं.

बाबांचं मत अजून आल्पबाखलाच आहे. पण नोव्हेंबरात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा आता सात वर्षांचा आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यासाठी वेंगेनची खोली घेतली आहे, स्टेशनपासून सपाट रस्त्यावरची. पिवळी टोपी आता त्याला बसते.