पाहुण्याचे घर: गावदेवीचे मणिभवन

मुंबईत कोणी पाहुणे आले की गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी दाखवून आपण मोकळे होतो, आणि त्याच चौपाटीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, गावदेवीतल्या लॅबर्नम रस्त्यावर असलेले मणिभवन, म्हणजे गांधीजी मुंबईत उतरत ते घर आणि आताचे त्यांचे संग्रहालय, मात्र राहून जाते. आमचेही ते वर्षानुवर्षे राहिलेच होते. परवा निघालो तर टॅक्सीवाल्याने बाबुलनाथाच्या पायथ्याशीच उतरवले आणि पुढचा पत्ता एका फुलवाल्याला विचारावा लागला.

हे घर गांधीजींच्या मालकीचे कधीच नव्हते. त्यांचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांची ही दुमजली वास्तू असून १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की गांधीजींचा मुक्काम येथे असे. हे ध्यानात ठेवून जिना चढावा, कारण दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खोली पाहताना प्रथम जाणवते ते हेच, की येथे राहणाऱ्याला ‘निघा’ म्हटले असते तर आवराआवरीला पाच मिनिटेही लागली नसती. काचेपलीकडे जमिनीवर अंथरलेली गादी, तक्क्या, बुटके मेज आणि चरखे; एवढाच संसार. आजारपणात याच घरी अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी चरख्याचा ध्यास घेतला. बंगल्यावरून रोज एक पिंजारी कमान वाजवत जाई. गाद्यांचा कापूस पिंजणाऱ्या त्या माणसाला वर बोलावून पेळूंसाठी, म्हणजे सूत कातायच्या कापसाच्या वळकट्यांसाठी, कापूस पिंजायला सांगितले, तर त्याने भाव चढा लावला आणि गांधीजींनी तो मुकाट्याने दिलाही. दूध न घेण्याचे व्रत घेताना मनात गाई-म्हशींचेच दूध होते, तेव्हा शेळीचे दूध घ्यावे, ही कस्तुरबांची तोडही याच दुखण्यातली. ही खोली पाहण्याआधी आत्मकथेतली ही प्रकरणे वाचून जावे. नाहीतर काचेमागे नुसते सामान दिसते.

शेजारच्या दालनात गांधीजींच्या आयुष्यातील प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडले आहेत. मुले तेथून हलायला तयार नसतात. मला स्वतःला मात्र देखाव्यांपेक्षा पत्रे अधिक धरून ठेवतात. २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेल्या पत्राची प्रत येथे आहे, आणि त्यातले ‘प्रिय मित्र’ हे संबोधन वाचून बहुतेक जण पुन्हा पहिल्या ओळीवर येतात. बड्या पाहुण्यांची छायाचित्रे मी भराभर ओलांडली. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. अभ्यासकांनी त्यासाठी वेगळा दिवस काढावा.

गोलमेज परिषदेहून परतल्यावर, ४ जानेवारी १९३२ रोजी पहाटे, गांधीजींना अटक झाली ती या घराच्या गच्चीवरील तंबूतून. बाकीचे घर तासाभरात पाहून होते, पण वरच्या खोलीपाशी रेंगाळायचे असेल तर शाळांच्या सहली नसतील असा दिवस निवडावा आणि सकाळीच जावे.