सौर पंप: एक पावसाळा अन् एक हरभरा काढल्यावरचा अनुभव

पंप 3 एचपीचा, मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतला, 10 टक्के हिस्सा भरून घेतलेला. अर्ज, कागदपत्रं सगळ्यांना माहीत आहेत, ते लिहीत नाही. वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, खरिपात सोयाबीन-तूर, मग हरभरा, ओलित विहिरीवर स्प्रिंकलरनं.

लिहायला बसलो कारण हरभऱ्याचे घाटे भरायच्या ऐन वेळी पाण्याचं प्रेशरच गेलं. दुपारचं कडक ऊन, आभाळ स्वच्छ, विहिरीला पाणी, अन् नोझल फिरायलाच तयार नाही, जागच्या जागी पाणी सांडतंय, खाली चिखल अन् दोन हातावर जमीन कोरडी. कंपनीच्या नंबरवर तक्रार टाकली तर म्हणे हिवाळ्यात ऊन कमी असतं, अन् दुसऱ्या दिवशी तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज. वावरात कोणी पाय ठेवला नाही अन् तक्रार निकाली! पाच वर्षं देखभाल-दुरुस्ती त्यांच्याकडे आहे, ती काय फोनवर करायची? तेव्हा लिहिलं असतं तर सरळ लिहिलं असतं की घेऊ नका.

पण खरी भानगड पॅनलच्या खालच्या कडेला निघाली. सोयाबीनच्या थ्रेशरचा भुसा, पांदण रस्त्याची धूळ पॅनलवर बसते, अन् हिवाळ्यात रात्री दहिवर पडलं की ती ओली होऊन खाली घसरते आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमपाशी अडते. सकाळी वाळून तिथं मातीचा थर, दोन बोटं रुंद. पॅनलचा वरचा भाग चकचकीत दिसतो म्हणून लक्षच जात नाही. आता पॅनलमधले सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, एक झाकला की त्याच्यासोबतच्या ओळीचा करंट अडतो, अन् आमचे पॅनल लांब बाजू उभी धरून बसवलेले, म्हणजे ती पट्टी खालच्या ओळीतल्या सगळ्याच सेलवर येते अन् तेवढ्यानं पूर्ण पॅनलचा करंट पडतो. पट्टी घासून काढली तर पंपाच्या कंट्रोलरवर (पंप चालवणारा डबा, त्यावर वीज किती येते ते दिसतं) दीड किलोवॅटच्या आसपास दिसत होतं ते दोनच्या वर गेलं, नोझल गरागरा फिरायला लागले. पावसाळ्यात हा त्रास नाही, पाऊस धुऊन नेतो. त्रास ऐन रब्बीत, जेव्हा ओलित पाहिजे तेव्हाच. फ्रेमच्या खालच्या कडेला लावायच्या छोट्या प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्यातून पाणी अन् माती निथळून जाते. सरकारचा एवढा पैसा लागतो त्या संचावर, कंपनीनं क्लिपा बसवूनच द्यायला पाहिजेत, निदान बसवणाऱ्या पोट्ट्यांनी सांगायला तरी पाहिजे.

धुवायचं ते सकाळी लवकर, पॅनल थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. क्षाराचं पाणी असेल तर फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग पडतात. लांब बांबूला मऊ ब्रश बांधला की झालं, वायपरला खर्च करायची गरज नाही.

बाकी, सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत सगळे नोझल चालवायचा हट्ट धरू नका, निम्मे लावा, ऊन चढलं की वाढवा. मे महिन्यात 45 डिग्रीत वाटतं लय पाणी येईल, पण पॅनल तापला की वीज घटते, 25 डिग्रीच्या वर दर डिग्रीला साधारण 0.3 ते 0.4 टक्का, अन् काच तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

आता मत बदललं आहे, अन् त्याचं कारण रात्र. आधी शेजारच्या विजेच्या लाईनवरून पाणी घ्यायचो तेव्हा विजेची पाळी रात्रीची आली की टॉर्च घेऊन वावरात, पायाखाली साप आहे की काय माहीत नाही, रानडुकरांची भीती, त्यात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की आठ-आठ दिवस अंधार. बाबांचं वय झालं तरी ते माझ्यासोबत यायचे. या हंगामात बाबा एकदाही रात्री वावरात गेले नाहीत. तेवढ्यासाठी मी हा पंप परत घेईन, कंपनी मात्र दुसरी निवडीन.

अर्ज भरणाऱ्यांनी एवढं करा, पॅनलची जागा पांदण रस्त्यापासून अन् खळ्यापासून लांब धरा, आणि बसवायला येतील तेव्हा स्वतः तिथं हजर राहा, ते गाडीतून सामान उतरवायला सोपं पडेल तिथंच खड्डे खणतात.