ड्रॅगन्स डॉग्मा २ : आठ महिन्यांनंतरही बाजू घेतोय, फक्त प्रोसेसरची तक्रार सोडून

२२ मार्च २०२४ ला हा गेम आला. होळीला दोन दिवस होते, पण पीसी गेम विकणाऱ्या स्टीमवर त्याच्या नावाने शिमगा तेव्हाच सुरू झाला. आठ महिने आणि दोन पूर्ण फेऱ्यांनंतर मत असं की एक तक्रार शंभर टक्के खरी होती. बाकीच्या बऱ्याच गेमच्या पहिल्या दोन तासांवरून केलेल्या.

खरी आधी. गेममधल्या वर्नवर्थ शहरात पाय ठेवला की फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला दिसणारी चित्रं, कोसळतात. दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही. तिथल्या प्रत्येक माणसाची हालचाल आणि धक्काबुक्की प्रोसेसर मोजत बसतो. म्हणून रिझोल्यूशन उतरवून किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी सोय) लावून जंगलात फरक दिसतो, बाजारात जवळपास नाही. गेमने सुचवलेला प्रोसेसर मनावर घ्या. कार्डाची शिफारस जुन्या आरटीएक्स २०८० चीच, त्यामुळे जुन्या प्रोसेसरवर महागडं कार्ड बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. पुढच्या पॅचेसनी बरीच सुधारणा झाली, तरी शहर जडच आहे.

आपल्याकडे यात उन्हाळ्याची भर. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ वर गेला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो, आणि लोक शिव्या गेमला घालतात. कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका भाऊ. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत गाळ बसतो. झोताच्या बाजूला ठेवा, मागे वीतभर जागा सोडा, जाळी पंधरा दिवसांनी झाडा, फ्रेम ६० वर बांधा. यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि लाईट नेमकी लढाईत गेली तर तो ओव्हरलोड होऊन पीसीसकट बसतो. तगडं कार्ड असेल तर ११०० व्हीएच्या खाली जाऊ नका.

आता पैसे उकळण्याचा आरोप. स्टीमच्या दुकानात खऱ्या पैशाला वेगळ्याने विकायला ठेवलेल्या गेममधल्या वस्तू पाहून लोक भडकले. ती यादी लावायलाच नको होती, मान्य. पण त्यातलं बहुतेक सगळं गेममध्ये खेळूनच मिळतं. पॉन म्हणजे संगणक चालवतो ते सोबती; चेहरा बदलायचं पुस्तक त्यांच्या गिल्डमध्ये ५०० रिफ्ट क्रिस्टलला (गेममधलं एक चलन) मिळतं. मेलेल्याला उठवणाऱ्या वेकस्टोनचे तीन तुकडे जमले की एक अख्खा होतो. आणि ज्याच्यासाठी जीव तुटतो तो क्षणात दूर पोचवणारा फेरीस्टोन त्या यादीत नव्हताच. तो गेममधल्या दुकानात १०,००० सोन्याला.

तो महाग का, हे कळलं की गेम कळतो. इथे चालणं हाच खेळ आहे. मार खाल्ला की आयुष्याची पट्टी नुसती रिकामी होत नाही, तिची कमाल मर्यादाच घटते. साध्या औषधाने ती परत येत नाही, त्यासाठी मुक्काम लागतो. मग कॅम्पिंग किट घ्यायचं, आणि त्याचं वजन. वजन वाढलं की दम लवकर संपतो. मांस, फळं सडतात. बैलगाडीत डुलकी काढावी तर ग्रिफिन हा उडता राक्षस थेट गाडीवर उतरतो आणि गाडीचा भुगा. तेव्हा त्याच्या अंगाला बिलगून राहिलात तर तो तुम्हाला घेऊन उडतो आणि सोडतो अशा ठिकाणी की नकाशात तुमच्याभोवती सगळा काळोख. हातात फेरीस्टोनचा ढीग असता तर यातलं काहीच अंगावर आलं नसतं. नवख्यांनी कॅम्प टाकण्याआधी आसपासचे गॉब्लिन साफ करावेत. रात्री हल्ला झाला तर किटही जातं. आणि सोनेरी ट्रोव्ह बीटल दिसला की उचलून वापरा, प्रत्येकी ०.१५ किलो वजनक्षमता कायमची वाढते.

सेव्हची एकच जागा, ही पुढची ओरड. प्रत्यक्षात दोन टप्पे असतात, गेम आपोआप करतो तो ताजा ऑटोसेव्ह आणि शेवटच्या इनचा (सराईचा) मुक्काम. मोठ्या क्वेस्टआधी (कामगिरीआधी) इनमध्ये झोपा, बस्स. मात्र झोपण्यापूर्वी पॉनचे डोळे पाहायचे. लाल चमकत असतील, तो डोकं धरत असेल, हुकूम ऐकेनासा झाला असेल, तर ड्रॅगन्सप्लेग हा पॉनना होणारा रोग. त्याला तसाच ठेवून इनमध्ये झोपलात तर सकाळी गावात मुडदे. भाड्याचा पॉन असेल तर रिफ्टमध्ये, म्हणजे पॉन येतात त्या जगात, परत पाठवा, स्वतःचा असेल तर उचलून खोल पाण्यात फेका. निर्दयी वाटतं, पण तो बरा होऊन परत बोलावता येतो.

शत्रूंचे प्रकार कमी आहेत यावर वाद घालणार नाही. गॉब्लिन, सॉरियन (सरडेमाणसं), हार्पी (पंखवाल्या राक्षसिणी), लांडगे, पुन्हा गॉब्लिन. चाळीस तासांनंतर कंटाळा येतो. पण तोच एकडोळ्या राक्षस सायक्लॉप्स दरीकाठी भेटला तर वेगळा. पायावर मारत तोल घालवा, नीट आडवा पडला तर त्याच्या पाठीवरून पलीकडे जाता येतं.

एक गोष्ट आजच वहीत लिहा. पहिलं सीकर्स टोकन (जगभर लपवलेली नाणी) नेमकं कुठे सापडलं ते. पुढे कोडी घालणारी स्फिंक्स तेच विचारते, आणि मुदत सात दिवसांची असते.