जुनी सायडिंग की गावाजवळचं गुड्स शेड? रेकने साखर पाठवणाऱ्यांसाठी

साखर कारखान्याच्या गोदामामागे गवतात बुडालेली सायडिंग (मुख्य लाइनपासून कारखान्यात आणलेली खासगी लाइन), वर्षाला जेमतेम दहा-पंधरा रेक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, आणि दर हंगामाआधी बैठकीत निघणारा तोच विषय: ही लाइन दुरुस्त करायची, की रेल्वेला परत देऊन चार-सहा किलोमीटरवरच्या गुड्स शेडवरून, म्हणजे स्टेशनातल्या रेल्वेच्या मालधक्क्यावरून, माल भरायचा? आमचा कल सायडिंगकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण गुड्स शेडची बाजू अनेकांना वाटते तितकी लंगडी नाही, आणि काही कारखान्यांना तीच बरी पडेल.

ट्रकचा विचार इथे फारसा नाही. मुंबई, गुजरात, बंदरावरची निर्यात, एकूण हजार किलोमीटरच्या आतलं सगळं ट्रकनेच जावं. प्रश्न उरतो तो बंगाल, आसाम, बिहारकडे जाणाऱ्या साखरेचा.

ताबडतोब गुड्स शेड निवडावं अशी स्थिती

केंद्र सरकारने जून २०१८ पासून प्रत्येक कारखान्याला साखरेचा महिन्याचा विक्री कोटा ठरवून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून मध्यम कारखान्याकडे एकाच व्यापाऱ्यासाठी एका वेळी अख्खा रेक भरेल इतकी विकलेली साखर असेलच असं नाही. व्यापारी दोन-तीन कारखान्यांची साखर एकत्र करून रेक भरत असेल, तर तुमच्या सायडिंगचा त्याला उपयोग नाही. तो शेजारच्या कारखान्याचे ट्रक तुमच्या दारात आणण्यापेक्षा सगळ्यांना मध्ये पडणारं स्टेशन धरेल. मिनी रेक २० वाघिणींचा (मालडब्यांचा) असतो, पण त्याच्या अंतराच्या आणि जादा शुल्काच्या अटी बदलत राहतात. त्यावर पाच वर्षांचा हिशेब मांडू नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. खासगी सायडिंगला दिवस-रात्र एकच. रेक रात्री दोनला लागला तर भरणीची मोफत वेळ, म्हणजे दंडाशिवाय माल भरायला मिळणारी वेळ, दोनपासूनच मोजली जाते. ज्या गुड्स शेडचे कामाचे तास सकाळी ६ ते रात्री १० असे ठरलेले आहेत, तिथे रात्रीच्या रेकचं घड्याळ सकाळी चालू होतं. हल्ली बरीच शेड चोवीस तासांची झाली आहेत, म्हणून तुमच्या शेडची वेळ गुड्स क्लार्ककडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर हमालांच्या टोळ्या ठरवू नका.

रूळ: गवताखाली काय असतं

सायडिंग दुरुस्तीचा अंदाज बहुतेक जण रुळांवरून बांधतात. रूळ सहसा टिकलेले असतात. गेलेले असतात ते स्लीपर. लाकडी स्लीपर कुजला की खिळा धरत नाही, १६७६ मिलिमीटरचं अंतर हळूहळू फाकतं आणि भरलेल्या वाघिणीचं चाक आत पडतं. रिकामा रेक आत येताना काहीच होत नाही आणि भरलेला बाहेर निघताना गाडी घसरते, ती यामुळे. घसरलेली वाघीण उचलायला येणाऱ्या मदतगाडीचं बिल सायडिंगच्या मालकाला येतं.

सिमेंटचे स्लीपर घालायचे तर सायडिंगला साधारण किलोमीटरला १३४० लागतात. प्रत्येकी चार क्लिपा, चार लायनर आणि दोन रबरी पॅड धरले तर एका किलोमीटरला ५३६० क्लिपा, तेवढेच लायनर आणि २६८० पॅड झाले. क्लिपांची खरेदी थोडी जास्तच करावी, कारण कमी वापराच्या लाइनवरून सगळ्यात आधी त्याच चोरीला जातात.

ट्रकच्या वाटेला रूळ जिथे ओलांडतो ती जागा वेगळी बघा. तिथे रूळ आणि आतल्या चेक रेलमध्ये चाकाची कड जायला ५१ ते ५७ मिलिमीटरची खाच असते. ट्रकचे टायर त्या खाचेत चिखल, मळी आणि खडे ठोकून भरतात, आणि उन्हाळ्यात त्याची वीट होते. चाक खाचेत न उतरता वर चढतं. रेक यायच्या आदल्या दिवशी पहारीने ही खाच तळापर्यंत मोकळी करायची. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे, आणि विसरलं जातं ते नेमकं हेच.

लांबीही मोजून घ्या. बीसीएनए प्रकारची बंद वाघीण १४.४५ मीटरची असते. अशा ४२ वाघिणी, गार्डचा डबा आणि इंजिन मिळून साधारण साडेसहाशे मीटर होतात. जुन्या सायडिंगा बऱ्याचदा अर्ध्या रेकच्या असतात. मग रेक दोन तुकडे करून लावावा लागतो, आणि पहिला तुकडा भरून झाल्यावर इंजिन जागेवर असेल याची हमी कोणी देत नाही.

आम्हाला सायडिंगकडे ढकलणारी कटकट

कागदावर गुड्स शेडचा तोटा म्हणजे ट्रकचं भाडं आणि जादा हमाली. तो सगळ्यांना दिसतो आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ४२ वाघिणींचा रेक, वाघिणीला ५० किलोची १२५० पोती, म्हणजे ५२,५०० पोती, २६२५ टन. पोत्यामागे एक रुपया जास्त गेला तर रेकमागे साडेबावन्न हजार. तुमच्या भागातली वाराई (पोती चढवण्या-उतरवण्याची मजुरी) आणि खेपेचं भाडं घालून आकडा काढा. नुसता तेवढाच फरक असता तर आम्ही कदाचित गुड्स शेडच निवडलं असतं.

खरी कटकट आहे पोत्यांच्या मोजणीची.

दहा टायरच्या ट्रकमध्ये १८ टन, म्हणजे ३६० पोती बसतात. वाघीण १२५० ची. पहिल्या वाघिणीत तीन ट्रक पूर्ण रिकामे होतात, तरी १७० पोती कमी पडतात. ती चौथ्यातून घ्यायची आणि त्याची उरलेली १९० शेजारच्या वाघिणीत टाकायची. दुसऱ्या वाघिणीत ही १९०, पाचवा आणि सहावा ट्रक, आणि सातव्यातली ३४०. सातव्या ट्रकमध्ये राहिली २० पोती. आता ड्रायव्हरला पुढची खेप गाठायची आहे, तिसऱ्या वाघिणीचा दरवाजा अजून उघडलेला नाही, मुकादम जेवायला गेला आहे. ती २० पोती जो दरवाजा उघडा दिसेल त्यात जातात. वहीत ती कधी दुसऱ्या वाघिणीत दिसतात, कधी तिसऱ्यात, कधी दोन्हीत.

अशा १४६ खेपा. भरणीला अर्धा-पाऊण तास, वाट, काटा, रांग, उतरवणी धरून एक फेरी सव्वादोन तासांची होते. अशा बंद वाघिणींच्या पूर्ण रेकला मोफत वेळ साधारण ९ तासांची, म्हणजे एका ट्रकच्या चार फेऱ्या आणि एकूण ३७ ट्रक. वाघिणींची बाजू सांभाळायला दहा-दहा हमालांच्या अकरा टोळ्या लागतात. एक टोळी दोन तासांत एक वाघीण भरते असं धरा. सरावाच्या टोळीला ते जमतं, पहाटे तीनला नाही. शिवाय कारखान्यात ट्रक भरणाऱ्या टोळ्या वेगळ्या. इतक्या गडबडीत दोन ठिकाणची मोजणी जुळली तर नशीब.

आणि न जुळल्याचा भुर्दंड रेल्वे उचलत नाही. रेल्वेच्या माणसाने पोती स्वतः मोजलेली नसली तर पावतीवर ‘सेड टू कन्टेन’ असा शेरा पडतो, म्हणजे एवढी पोती आहेत असं पाठवणारा म्हणतो, बस. पंधराशे-दोन हजार किलोमीटरवर वाघीण उघडल्यावर ती २० पोती कमी भरली की खरेदीदार बिलातून कापतो. शेजारच्या वाघिणीत २० जास्त निघाली तर फोन येत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. ट्रकमध्ये ३६० ऐवजी ३१२-३१३ पोती घाला, वाघिणीला बरोबर चार ट्रक, आणि ट्रकच्या काचेवर वाघिणीचा नंबर खडूने लिहा. खेपा १४६ वरून १६८ होतात, ट्रक ३७ ऐवजी ४२ लागतात, पण हिशेब सरळ राहतो. टनावर भाडं घेणारे ट्रकवाले कुरकुर करतात. गुड्स शेडच निवडणार असाल तर एवढं नक्की करा. आधी माल आणून शेडमध्ये थप्पी लावायची परवानगी मिळत असेल तर तीही घ्या. मात्र छताखालची जागा किती आहे ते बघून, कारण जूनमध्ये ताडपत्रीवर भरवसा ठेवता येत नाही.

सायडिंगवर हे सगळं आदल्या दिवशी शांतपणे होतं. गोदामात १२५० ची थप्पी, दहा थर आणि थराला १२५ पोती. अशा ४२ थप्प्या, जिथे जमेल तिथे समोरच्या दरवाजाच्या रेषेत, आणि प्रत्येकीवर पाटी. मोजणी एकदाच, दिवसाउजेडी. थप्पी संपली की वाघीण भरली. थप्पी उरली किंवा कमी पडली तर चूक त्याच दरवाजात सापडते. किती पोत्यांचा फरक पडतो याचा तक्ता आम्ही मांडलेला नाही, पण तुटीची पत्रं कुठून येतात आणि कुठून येत नाहीत हे लक्षात राहतंच.

विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची गोष्ट काही वेगळी नव्हती. यवतमाळ आणि अचलपूरकडून ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर कापूस मूर्तिजापूरला यायचा, आणि मोठ्या लाइनने पुढे जायचा तर गाठी उतरवून पुन्हा चढवाव्या लागत. माल दोनदा हाताळावा लागला की छोटी लाइन ट्रकपुढे टिकत नाही. बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचीही अडचण तीच होती, पण ती ब्रॉडगेज झाली. म्हणून तर त्याच जुन्या मार्गावरच्या सांगोल्याहून २८ डिसेंबर २०२० ला शेतमाल नेणारी शंभरावी किसान रेल थेट बंगालमधल्या शालिमारला जाऊ शकली. गुड्स शेडपर्यंत ट्रकने फेऱ्या मारणं म्हणजे कारखान्याच्या दारात स्वतःचं मूर्तिजापूर उभं करणं.

डेमरेज

डेमरेज म्हणजे मोफत वेळ उलटल्यावर लागणारा दंड. दोन्हीकडे नियम एकच: रेकमधली एक वाघीण उरली तरी दंड सगळ्या ४२ वर. वाघिणीमागे तासाला १५० रुपये हा मूळ दर धरला तर ६३०० रुपये तास, आणि तासाचा तुकडा म्हणजे पूर्ण तास. गर्दीच्या काळात दर पटीत वाढवता येतो. उशिराचं कारण शेडवर बहुधा ट्रक असतात आणि सायडिंगवर बहुधा गंजून अडकलेला दरवाजा. त्यासाठी दोन घण, एक कटावणी आणि थोडं डिझेल हाताशी ठेवा. रेक लागल्याबरोबर प्रत्येक वाघिणीत एक माणूस आत उभा करून दरवाजे ओढून घ्या. अंधारात जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येणार. तिथे प्लॅस्टिक लावा किंवा ती वाघीण नाकारा. आधी खत भरलेली वाघीण असेल तर नुसता झाडू मारून भागत नाही.

तारेचा प्रश्न

सायडिंगच्या विरोधातला सगळ्यात सबळ मुद्दा हा, आणि तो जुना नाही. मध्य रेल्वेचं विद्युतीकरण २०२३ मध्ये पूर्ण झालं. तुमच्या सायडिंगवर विजेची तार नसेल तर रेक आत ढकलायला डिझेल इंजिन लागतं, आणि ती आता कमी होत चालली आहेत. रेक स्टेशनात येऊन इंजिनाची वाट बघत उभा राहतो. तार ओढायची तर खर्च आहेच, शिवाय २५,००० व्होल्टखाली वाघिणीच्या छतावर कोणालाही चढू द्यायचं नाही. ही शिस्त हमालांच्या टोळीला आठ दिवसांत लागत नाही.

इथे रेल्वेच्या डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाकडे बघा. जुन्या खासगी सायडिंगलाही त्यात येता येतं. जोडणीसाठी वापरलेल्या रेल्वेच्या जमिनीचं भाडं लागत नाही. यार्डातल्या आणि भरणी-उतरणीच्या लाइन सोडल्या तर बाकीचे रूळ, सिग्नल आणि तार यांची देखभाल रेल्वेच्या खर्चाने होते. दुसऱ्याचा माल हाताळायलाही मोकळीक आहे. साखर बाहेर जाते त्याच फलाटावर पावसाळ्याआधी खताचा रेक उतरला तर वर्षाचे रेक वाढतात. फक्त खताची आणि साखरेची जागा पक्क्या भिंतीने वेगळी करा. नुसती ताडपत्री लावली तर साखरेला वास लागतो.

महिन्याला दोन रेक, स्वतःचे आणि दुसऱ्याचे मिळून, इतकं काम दिसत असेल तर आम्ही सायडिंग ठेवू. महिन्याला एकच असेल आणि लाइन अर्ध्या रेकची असेल तर गुड्स शेड आणि ३१२ पोत्यांचा ट्रक. मधल्या अवस्थेत असाल तर मुख्य लाइनकडचा अर्धा किलोमीटर आणि सांधा (मुख्य लाइनवरून गाडी सायडिंगकडे वळते ती जोडणी) आधी दुरुस्त करा. आतला भाग पुढच्या वर्षी केला तरी चालतो.

आणि लाइन बंद ठेवायचं ठरलं तरी सांधा उखडू देऊ नका. तो स्टेशनच्या सिग्नलशी बांधलेला असतो. एकदा निघाला की नवा बसवायला नकाशे, मंजुऱ्या आणि सिग्नलचं काम पुन्हा पहिल्यापासून. वाहतूक तात्पुरती थांबवण्याचं पत्र द्या, करार संपवण्याचं नको, आणि त्या पत्रावर पोच घ्या.