जोतिबाच्या यात्रेचं जलरंगातलं चित्र, भिंतीवर आठ महिने झाल्यावर

गेल्या रविवारी फ्रेमवाल्यानं चित्र काचेबाहेर काढलं आणि माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली बोटभर पट्टी पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. झाकलेला गुलाल जानेवारीत होता तसाच झगझगीत. उघडा होता तो पार विरलेला. मधे पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेघ.

चित्र चैत्र यात्रेचं आहे. १५ बाय २२ इंच, ३०० जीएसएमचा जाड सुती कागद, चित्रकाराच्या घरी जाऊन १४,५०० रुपयांना घेतलं. एवढे पैसे मी कागदावर कधीच घातले नव्हते. पण जोतिबा आमचं कुलदैवत, आणि पुण्यात आल्यापासून चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर, जाणं सुटलंय. आईला आता डोंगर चढवत नाही. ती यात्रा घरी यावी म्हणून घेतलं.

चित्र उत्तम आहे, हे आधीच सांगतो. काळ्या दगडाची शिखरं, सासनकाठ्या, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, यमाईच्या देवळाकडे निघालेल्या, खाली माणसांचा समुद्र. उधळलेलं खोबरं तर रंगवलेलंच नाही. तेवढा कागद कोरा सोडलाय आणि तेच हवेतले तुकडे झालेत. पांढरा रंग कुठंही नाही. चांगभलंचा गजर ऐकू यावा असं काम. आणि सगळ्यावर गुलाल. गुलाल नसेल तर तो जोतिबाचा डोंगर कसला?

चित्र हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं. रोज दुपारी तीननंतर ऊन थेट त्यावर. यात्रेच्या दिवशी आईनं काचेला हळदकुंकू लावलं, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "गुलाल उतरलाय रं." मला वाटलं, तिचा चष्मा बदलायला झालाय. खरेदीच्या दिवशीचा फोटो जूनमध्ये शेजारी धरून पाहिला तेव्हा शंका आली, पण मोबाइलच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार?

रविवारी ती पट्टी पाहिली आणि दुकानातूनच चित्रकाराला फोन लावला. फार बोललो. फसवलंत म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रंगाच्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. ओपेरा पिंक. त्यात दोन घटक असतात: पीआर १२२ (ट्यूबवर छापलेला रंगद्रव्याचा कोड) हे टिकाऊ रंगद्रव्य, आणि जोडीला एक चमकणारा डाय. पहिल्या दिवशी डोळे दिपवतो तो हा डाय, आणि उजेडात आधी जातो तोही हाच. मागं उरतो तो पीआर १२२, जरा जांभळटपणाकडे झुकणारा गुलाबी. साध्या काचेतून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. ते अडवणारी काच मिळते, पण तीही ऱ्हास मंदावते, थांबवत नाही.

म्हणजे उन्हात लावायची चूक माझी. पण रंग टिकणारा नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि विकताना सांगितलं नाही, हे मी अजूनही माफ करायला तयार नाही. काळ्या, मातकट, निळ्या छटांना काही झालेलं नाही. तुम्ही जलरंगातलं चित्र घेणार असाल तर लाल आणि गुलाबी कुठल्या ट्यूबचे आहेत ते विचारा, ट्यूबवरचा कोड पाहा. १४,५०० देणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

त्यांनी फुकट पुन्हा गुलाल चढवून देतो म्हटलं. मी हो म्हणणार होतो. मग लक्षात आलं की जलरंगातला डिंक पाणी लागलं की परत विरघळतो. खालचा थर हलला, खोबऱ्याच्या एखाद्या कोऱ्या तुकड्यावर रंग गेला, तर ते पांढरं परत कुठून आणायचं? नको म्हणालो. त्यांनी २,००० रुपये परत केले, ते मी जसेच्या तसे अतिनील किरण अडवणाऱ्या काचेत घातले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चित्राकडे पाहत राहिली. "यात्रा उठल्यावर दगडावर असाच राहतोय गुलाल," ती म्हणाली. "पावसात धुतला जाईस्तोवर असाच." लहानपणी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पायऱ्या उतरताना मीही हाच रंग पाहिला होता, फटींमध्ये बसलेला. रविवारपासून मला चित्रात तो दुसरा दिवस दिसतो, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त आवडायला लागलाय.

चित्र आता देवघराशेजारच्या बोळात आहे, जिथं ऊन येत नाही. फ्रेमवाला रुंद माउंट घालून कडेची रेघ लपवतो म्हणत होता. मी जुन्याच मापाचा घालायला लावला. पुढच्या चैत्रात काच परत उघडून झाकलेला आणि उघडा गुलाल शेजारी शेजारी पाहणार आहे.